सुमनमावशींच्या मागचं आकाश

फ्युनरल होमच्या हॉलमध्ये सुमनमावशींचा जो मोठा फोटो लावला होता, तो पाहून मला इतका संताप आला की मी दुसऱ्या रांगेतून उठले आणि मागे जाऊन भिंतीशी उभी राहिले. फोटोत मावशी खुर्चीत बसलेल्या, खांद्यावर शाल, कपाळाला कुंकू, चेहऱ्यावर हसू. मागे निळंभोर, स्वच्छ आकाश. एकेक जण माईकपाशी येत होता आणि फोटोकडे हात करून सांगत होता, की त्या किती शांत होत्या, किती गोड, किती समजूतदार. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विलासराव साने तर म्हणाले, की सुमनताईंचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकलाच नाही. ज्या माणसाला मावशींनी भर गणेशोत्सवात स्टेजवरून खाली उतरवलं होतं, तो माणूस हे म्हणत होता.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी विलासराव माझ्याजवळ आले. फोटो त्यांनीच काढलेला. "छान आलाय ना? मागे आकाशात नुसते काळे ठिपके ठिपके आले होते. लेन्सवर डस्ट असणार. मी रात्री बसून एकेक क्लीन केला."

ती डस्ट नव्हती. काय होती, ते सांगायला मी हे लिहिते आहे. राग निवल्यावर लिही, असं माझा नवरा म्हणाला. निवल्यावर मी लिहिणारच नाही, हे त्याला ठाऊक असावं.

सुमनमावशी म्हणजे डॉक्टर सुमन बोरकर. मूळच्या नागपूरच्या, इथे अमेरिकेत हॉस्पिटलात आयुष्यभर भूलतज्ज्ञ, आणि ईडन प्रेरीतल्या आमच्या शेजारीण. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी हौसेने किचनच्या मोठ्या काचेसमोर पाखरांसाठी दाण्यांचा डबा टांगला. दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक बुटक्याशा बाई, पांढरे आखूड केस, अंगात कुणाचं तरी जुनं जाकीट, आणि हातात पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेली मेलेली चिमणी.

"ही तुझी," त्या म्हणाल्या.

"अय्या, सॉरी काकू, मला खरंच..."

"काकू म्हणू नकोस. काकू व्हायला काका लागतो, आणि तुझ्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही."

"मग काय म्हणू?"

"मावशी म्हण. त्याला नवरा लागत नाही. काचेत त्यांना आकाश दिसतं, कळलं? दिसतं म्हणून येतात. एवढी मोठी काच समोर असताना डबा टांगलास तेव्हा लक्ष कुठं होतं तुझं?"

मी रडवेली झाले होते. दुपारी त्या शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन परत आल्या, आणि माझी परवानगी न विचारता बाहेरून सगळ्या काचेवर ठिपके काढले. हात इतका सरावाचा की रांगोळीचा कागदही लागला नाही. सरळ ओळी, सारखं अंतर, ओळ संपली की शिडी पुढे. ठिपके दिसले की पाखराला पुढे काहीतरी आहे हे कळतं, म्हणाल्या. जोडायचे मात्र नाहीत, रांगोळी अर्धीच ठेवायची. घरमालकांच्या असोसिएशनचा माणूस तक्रार घेऊन आला तेव्हा मावशी कुंपणापलीकडून त्याला इतकं बोलल्या, की जाताना त्याने माझीच माफी मागितली. त्या काचेवर त्यानंतर पाखरू आपटलं नाही.

"लक्ष कुठंय?" हे त्यांचं पालुपद होतं. फार्मसीतल्या मुलीला, चौकात फोन बघणाऱ्या ड्रायव्हरला, डाळ उतू घालवणाऱ्या मला, सगळ्यांना एकच प्रश्न. तो त्यांच्या धंद्यातून आला होता. भूल देणं म्हणजे काम नव्हे, ते दोन मिनिटांत होतं, असं त्या म्हणायच्या. खरं काम त्यानंतरचं. माणूस परत येईपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. बाकीचे थिएटरमध्ये गाणी लावत, गोल्फच्या गप्पा मारत. मावशी गाणी बंद करायच्या. एकदा एक सर्जन वैतागून म्हणाला, "सुमन, जरा हसत जा." मावशी म्हणाल्या, "पेशंटला माझा चेहरा दिसत नाहीये. तू तुझ्या हाताकडे बघ." त्या सर्जनने पुढे स्वतःच्या बायकोच्या ऑपरेशनला भूल द्यायला मावशींनाच बोलावलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे यजमान बोरकरकाका होते तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि सांगताना अभिमानाने पोळीचा तुकडा हातातच राहिला त्यांच्या.

गणेशोत्सवातलं प्रकरण तर सगळ्या मंडळाने पाहिलंय. इथेच जन्मलेली एक मुलगी इंग्रजी अक्षरात लिहून आणलेलं मराठी भाषण वाचत होती. ती अडखळली, चुकीचं काहीतरी बोलली आणि हॉल हसला. विलासराव स्टेजवर होते, त्यांनी माईक घेऊन आणखी एक विनोद केला. मुलीचा चेहरा पडला. मावशी मधल्या रांगेतून उठल्या. "विलास, खाली ये. आणि जे हसले त्यांनी वर यावं. तिच्या वयाचे असताना तुम्हाला येत नसलेल्या भाषेत तुम्ही कुठं उभे राहिला होतात, ते सांगा." कुणी वर गेलं नाही. विलासराव खाली आले. मुलीने भाषण पुरं केलं, आणि मावशींनी टाळीसुद्धा वाजवली नाही, कारण भाषण काही फार चांगलं नव्हतं.

अशा होत्या त्या. माझ्या ओळखीत तरी त्यांचा राग कधी उगाच नव्हता, आणि कुणाच्या पाठीमागे तर कधीच नव्हता.

आणि वर्षातली एक सकाळ अशी असायची, की त्या दिवशी त्या कुणावरही रागवायच्या नाहीत. सप्टेंबरच्या मध्यावर. पहिली थंड हवा येऊन गेली, वारा वायव्येचा झाला, की मावशींचा फोन यायचा. "उद्या जायचं." पहाटे अंधारात निघून तीन तास उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठावर डुलुथ आहे, त्याच्या डोक्यावरच्या डोंगरकडेवर. कॅनडातून दक्षिणेला निघालेल्या ससाण्यांच्या वाटेत ते अफाट पाणी आडवं येतं. पाण्यावरून ऊन हवा वर उठत नाही, म्हणून ते पाणी ओलांडत नाहीत, काठाकाठाने येतात आणि त्या कडेवरून जातात. ब्रॉडविंग नावाचा एक आखूड, रुंद पंखांचा ससाणा आहे. तो वर्षभर जंगलात एकटा राहतो, कुणाच्या नजरेला पडत नाही. पण जायची वेळ आली की शेकड्यांनी एकत्र होतो. सकाळी ऊन तापलं, की जिथे हवा वर चढते तिथे सगळे जमतात आणि गोल गोल फिरत वर जातात, पंख न हलवता. तिथले लोक त्याला किटली म्हणतात. मावशी भोवरा म्हणायच्या.

त्यांची घडीची खुर्ची ईशान्येकडे तोंड करून ठेवलेली. डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर दुर्बीण, पायाशी आल्याच्या चहाचा थर्मास आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. तासन्‌तास काहीच यायचं नाही. मी कंटाळून फोन काढला की शेजारून यायचं, "लक्ष कुठंय?" आणि मग कधीतरी त्या हलक्या आवाजात म्हणायच्या, "आले." मला दिसायचं नाही. निळ्यात एक ठिपका, मग चार, आणि मग एकाएकी सगळं आकाश ठिपक्यांनी भरून सावकाश फिरायला लागायचं. वरचे वर पोचले की पंख जरा मिटून दक्षिणेला घसरत जायचे, खालून नवे येत राहायचे. मावशींच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघितलं आहे. त्या हसत नव्हत्या. तोंड थोडं उघडं, डोळ्यांच्या कडांना पाणी, आणि सगळ्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून ठेवल्यासारखं. पहिल्यांदा मी मोठ्याने "गरुड!" म्हणाले होते, तेव्हाही त्यांनी फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

आता निखिलबद्दल. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. दूर दक्षिणेला, प्लेनोला मोठी नोकरी, मोठं घर, त्यात आईसाठी खाली एक वेगळी खोली. वाईट नाही तो. हेच मला जास्त लागतं, की यात कुणीच वाईट नाही. बोरकरकाका गेल्यापासून त्याने आईला प्लेनोला न्यायचा धोशा लावला होता, आणि मावशी उडवून लावायच्या. मागच्या उन्हाळ्यात एक तरुण डॉक्टर मावशींना तपासताना त्यांच्याशी न बोलता फोनवर निखिलशीच बोलत राहिला, "मॉम कशी झोपते, मॉम गोळ्या घेते का." मावशींनी त्याच्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि त्याला विचारलं, की पेशंट कोण आहे. झालं. डॉक्टरने निखिलला सांगितलं की चिडचिड वाढलीय, लक्ष ठेवा. स्मरणशक्तीची तपासणी झाली, त्यात मावशी उत्तम पास झाल्या, वर तपासणाऱ्या मुलीचा एक प्रश्नच चुकीचा असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. तेही चिडचिडीत धरलं गेलं.

निखिल ऑगस्टमध्ये आला. त्यांच्या डेकवर आम्ही तिघं बसलो होतो.

"आई, अँगर इज अ सिम्प्टम. मी वाचलंय. पर्सनॅलिटी चेंज होते."

"चेंज?" मी म्हटलं. "निखिल, तू लहानाचा मोठा इथेच झालास ना?"

"वैशाली, प्लीज. धिस इज फॅमिली."

मावशी मला गप्प राहायची खूण करून म्हणाल्या, "तुला काय हवंय ते सांग."

त्याला हवं होतं ते असं. सप्टेंबरमध्ये तो आठवडाभर येऊन राहील. त्या आठवड्यात आई शांत राहिली, कुठेही भांडण झालं नाही, तर आणखी एक वर्ष ती या घरात राहू शकेल. नाहीतर प्लेनो. घर मावशींचं, गाडी मावशींची, पैसे मावशींचे, आणि तिथे राहायची परवानगी मुलाची. "ठीक आहे," मावशी म्हणाल्या. मी नंतर त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, "एकच मुलगा आहे गं. नाही म्हणायला मला एक मिनिट लागेल. पण तुटलं की जोडायला माझ्याकडे वेळ नाही. एक आठवडा काय, भूल दिल्यासारखी पडून राहीन."

आणि राहिल्या. ते बघवत नव्हतं. आमच्या कोपऱ्यावर पानं उडवायचं यंत्र भणभणत होतं आणि मावशी खिडकीतून त्या माणसाला हात हलवत होत्या. कुणीतरी आणलेल्या बेचव पुरणपोळीला त्या "छान" म्हणाल्या. विलासराव घरी येऊन सहस्रचंद्रदर्शनाचं बोलले. मावशी एक्याऐंशीच्या झाल्या होत्या, हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा मंडळाला करायचा होता. उन्हाळ्यात हाच विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अर्ध्या पौर्णिमांना मी थिएटरमध्ये होते. चंद्र बघितलाय कुणी?" या वेळी त्या नुसत्या "बघू" म्हणाल्या. सगळ्यांना तो होकार वाटला.

त्या आठवड्याच्या शेवटी वारा फिरला. निखिल म्हणाला, "आई, मीपण येतो. कित्येक वर्षं तू सांगतेयस." मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्यासाठी रात्री पुऱ्या केल्या. मी ड्राइव्ह केलं. आकाश असं होतं, की मावशी गाडीतून उतरतानाच म्हणाल्या, "आज येणार. खूप येणार." खुर्ची मांडली, टोपी घातली.

आणि साडेनऊच्या सुमारास खालच्या पार्किंगमधून ढोलकीचा आवाज आला. मंडळाची फॉल कलर्सची ट्रिप डुलुथला आलीच होती. निखिलने त्यांना जागा सांगितली होती. सरप्राइज! रेशमी साड्या, नेहरू शर्ट, ब्लूटूथ स्पीकर, हिलियमचे चंदेरी फुगे, त्यावर चंद्राचा आकार. शेजारी पक्षी बघायला आलेले लोक दुर्बिणी खाली करून आमच्याकडे बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सुमनताई, खुर्ची जरा अशी वळवू हं, उजेड चेहऱ्यावर हवा," विलासराव म्हणाले. दोघांनी मावशींना खुर्चीसकट उचलून फिरवलं. पाठ ईशान्येकडे. टोपी काढली, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. शाल घातली. कुंकू लावायचं की नाही यावर बायकांत कुजबुज झाली, शेवटी एकीने लावलं आणि आपण किती सुधारलेल्या आहोत असा चेहरा करून मागे सरली. औक्षणाचे दिवे वाऱ्याने विझत होते, ते पुन्हा पुन्हा लावत होते. मग भाषणं. सुमनताई म्हणजे मायेचा झरा. सुमनताई म्हणजे चंद्राची शीतलता.

मी समोर उभी होते, त्यामुळे मला दिसलं. मावशींच्या डोक्यावर, मागे, एक ठिपका. मग दहा. मग मोजता येईनात. इतका मोठा भोवरा मी त्याआधी पाहिला नव्हता. शेजारचे लोक हलक्या आवाजात एकमेकांना सांगत होते. मावशींना ते ऐकू गेलं, त्यांच्या मानेची शीर हलली. पण मान वळली नाही. त्यांनी निखिलकडे पाहिलं. तो कौतुकाने फोनवर रेकॉर्ड करत होता.

"विलासराव, थांबा," मी ओरडले. "मागे बघू द्या त्यांना, मावशी, मागे..."

"वैशाली," मावशी म्हणाल्या, "राहू दे गं. बोलू दे त्यांना."

त्या हसत होत्या. पुढच्या वर्षीच्या सकाळसाठी या वर्षीची सकाळ देत होत्या त्या, आणि त्या क्षणी विलासरावांनी फोटो काढला. तोच हा फोटो. मागचे काळे ठिपके म्हणजे ते ससाणे. ज्यांच्यासाठी ही बाई तिथे आली होती तेच, आणि त्यांना धूळ समजून पुसून टाकलंय.

भाषणं संपेपर्यंत आकाश रिकामं झालं होतं. मंडळी फुगे घेऊन जेवायला पुढे गेली. आम्ही गाडीत बसलो. निखिल मागे आईशेजारी. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तिचा हात हातात घेतला.

"आई, यू वेअर अमेझिंग. इतकी शांत होतीस. पूर्ण वीक. आय वॉज वरीड की प्लेनोला तू अ‍ॅडजस्ट होणार नाहीस, मुलांवर चिडशील. पण नाऊ आय नो. तू रेडी आहेस. थँक्सगिव्हिंगच्या आत मूव्ह करू या."

मी किल्ली फिरवली होती, ती तशीच धरून राहिले. रागावलं तर आजार. न रागावलं तर तयार. माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी बोलण्याआधी मागचं दार उघडलं. मावशी उतरल्या. मागे जाऊन डिकी उघडली, स्वतःची खुर्ची काढली, टोपी शोधून घातली, आणि चढ चढायला लागल्या. शाल वाटेत पडली. उचलली नाही.

"आई? आई! लंच आहे! दे आर वेटिंग!"

त्या वळल्या. आणि मग त्यांचा तो आवाज आला, जो थिएटरमध्ये गाणी बंद करायचा. आठवडाभरात मी तो ऐकला नव्हता.

"मी येणार नाही. जेवायला नाही आणि प्लेनोलाही नाही. तुझ्या अटीवर मी सात दिवस गप्प बसले, आणि तू त्याचा अर्थ हा काढलास? माझ्या मागे आकाश भरलं होतं निखिल, तू माझ्या समोर उभा होतास, आणि तू वर बघितलं नाहीस. लक्ष कुठं होतं तुझं?"

वरचे पक्षी बघणारे लोक पुन्हा आमच्याकडे बघत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी एकाने सरकून मावशींच्या खुर्चीला जागा करून दिली.

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या, झोपेत, ईडन प्रेरीच्या स्वतःच्या घरात. तोपर्यंत निखिल दर रविवारी फोन करत राहिला. तुटलं काही नाही. त्यांना वाटत होती ती भीती खोटी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी ती सकाळ घालवली, हे मला अजून सहन होत नाही. फोटो मात्र निखिलने तोच निवडला. त्यात त्यांच्या चेहऱ्यावर शांती आहे, म्हणे.

मला त्यांच्या मागे ते पुसलेलं आकाश दिसतं. म्हणून मी डोळे मिटून त्याच दिवशीचं, नंतरचं दुसरं चित्र बघते. टोपी घातलेली पाठ, ईशान्येकडे तोंड. ऊन चढलंय, मोठा भोवरा निघून गेलाय, मागे राहिलेले दोन-चार अजून येताहेत. निखिल चढ चढून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलाय, हातात ती शाल.

"आई, आर यू अँग्री विथ मी?"

"हो," मावशी म्हणाल्या. "फार. आता बाजूला हो, मला दिसत नाहीये."

तो बाजूला झाला.